ठमी हल्ली बोलत नाही

६ फेब्रुवारी

चिंगे,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, तीन ओळी. "वीस मार्चला येते आहे. ठमीला घेऊन जाणार. पिंजरा धुऊन ठेवा." चौदा महिन्यांनी बापाला लिहिलंस आणि त्यात बाप कुठेच नाही, पिंजरा मात्र आहे. असो. आईवर गेलीस. तीही रागावली की माझ्याशी बोलायची नाही, भांड्यांशी बोलायची.

ये की. तू येऊ नकोस असं मी कधी म्हटलं? नाही म्हटलं होतं ते मैना द्यायला. त्यावर दारात उभी राहून तू जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. "आईचा आवाज तेवढा त्या पाखरात उरलाय, तोसुद्धा तुम्हाला एकट्याला हवा." शेजारीण जिन्यात पिशवी घेऊन थांबली होती, तिला अगदी फुकटचा तमाशा झाला. मी म्हटलं होतं, मैना या घरची आहे, याच घरात राहील. आता तसं म्हणत नाही. फक्त एवढंच म्हणतो की वीस तारखेची घाई कशाला? ठमीची पिसं झडतायत. अशा वेळी पाखराला प्रवास सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये बघू.

बाकी ठीक. गुडघा कुरकुरतो. गिऱ्हाईक कमी झालंय. लोक तयार कपडे आणतात आणि माझ्याकडे फक्त पँट आखूड करायला येतात. चाळीस वर्षं कोट शिवले आणि शेवटी पायाशी आलो. म्हणून एक नवा नाद लावून घेतलाय. हसू नकोस. पक्षी भरायला शिकतोय. मेलेल्या पक्ष्याचं कातडं पिसांसकट उतरवायचं, आत तार आणि भुसा घालून पुन्हा शिवायचं, की तो फांदीवर बसल्यासारखा दिसतो. शाळेच्या सहलीत संग्रहालयातलं घुबड बघून तू भोकाड पसरलं होतंस, आठवतं? ते घुबड ज्याने भरलं तो म्हातारा आपल्या मागच्या गल्लीत राहतो. त्याच्या विजारी मी दोनदा कमरेत सैल करून दिल्यात. सगळे त्याला मास्तर म्हणतात, मीही म्हणतो.

ठमी हल्ली बोलत नाही. पिसं झडताना गप्पच असतात म्हणे.

बाबा

१७ फेब्रुवारी

चिंगे,

वीस मार्च म्हणजे वीस मार्च, असं लिहिलंस. बरं बाई, तुझंच खरं. शिवाय विचारलंस की ठमी अजून आईच्या आवाजात "चिंगे, जेवलीस का" म्हणते का. लिहिलं ना, हल्ली बोलत नाही. एकच गोष्ट किती वेळा विचारशील!

माझ्या शिकण्याचं ऐक, म्हणजे तुला हसू तरी येईल. मास्तरने पहिल्यांदा कबूतर दिलं. गल्लीतल्या विजेच्या खांबाखाली मेलेलं पडलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. पिसांना डाग पडू नये म्हणून आधी चोचीत कापसाचा बोळा. मग छातीवरची पिसं फुंकर मारून दोन बाजूंना करायची, मध्ये कातडीची एक उघडी पट्टी दिसते, तिथून खाली एकच चीर. मास्तर म्हणतो, "कातडं कापायचं नाही, टेलर, सोडवायचं. कोटाचं अस्तर सोडवता ना, तसं." मला वाटलं, हात्तिच्या, हे तर आपलंच काम! कात्री माझ्या हातात शोभतेच. भराभर सोडवलं, आतलं धड उचललं आणि खिडकीबाहेरच्या डब्यात टाकून दिलं. दोन मिनिटांत मांजर ते घेऊन पसार.

मास्तर चहा पिऊन आला आणि म्हणाला, "छान. आता त्याच्या अंगाचं माप दाखवा."

चिंगे, मी चाळीस वर्षं जगाला सांगत आलो, आधी माप, मग कात्री. तुझ्या लग्नाच्या कोटासाठी तुझ्या नवऱ्याचं माप मी तीनदा घेतलं होतं, बिचारा कंटाळला होता. आणि इथे कबुतराचं माप घ्यायच्या आधी कबूतर मांजराच्या पोटात! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडा पाषाण, तसं झालं. आत भुशाचं जे खोटं अंग बांधून घालायचं ते खऱ्या अंगाच्या मापाचं लागतं. मी अंदाजाने बांधलं. शिवताना जुनी सवय नडली. बारीक टाके घेतले, दोरा करकचून ओढला. पाखराचं कातडं ओल्या कागदाइतकं नाजूक, फाटत गेलं टराटरा. शेवटी जे उभं राहिलं त्याचं पोट माठाएवढं आणि मान वीतभर. मास्तरने चष्मा पुसून पाहिलं. म्हणाला, "टेलर, हे कबूतर नाही. ह्याने कबूतर गिळलंय."

खूप दिवसांनी हसलो. हसता हसता घरात माझाच आवाज ऐकून कसंतरी झालं, मग थांबलो.

शेजारीण पिसांवरून बडबडून गेली. जिन्यातसुद्धा उडतात म्हणे. तिचं खोटं नाही. मास्तर म्हणतो, अशी तीन कबुतरं झाल्याशिवाय दुसऱ्या पाखराला हात लावायचा नाही. दुसरं झालंय, ते निदान ओळखू येतं. तिसरं परवा.

बाबा

२६ फेब्रुवारी

चिंगे,

हे पत्र बसून वाच.

ठमी गेली. एकोणीस जानेवारीला सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली होती. तुझ्या तीन ओळी आल्या तेव्हा तिला जाऊन पंधरा दिवस झाले होते. पिसं झडतायत वगैरे मी खोटं लिहिलं. बोलत नाही, एवढं खरं होतं.

तुझ्या आईच्या निळ्या ब्लाऊजच्या अस्तरात गुंडाळून, वर पिशवी बांधून तिला फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती. का ठेवली, पुरून का टाकली नाही, विचारू नकोस. पुरायला खाली उतरलो होतो, तसाच परत आलो. तुला रिकामा पिंजरा द्यायचा धीर होत नव्हता. मग मास्तर आठवला. तो म्हणाला, ही पहिली नको, आधी शिका, हिला दुसरी संधी नाही. त्यासाठी ती कबुतरं. हौसबिवस काही नव्हती.

काल तिला बाहेर काढली. दिवसभर टेबलावर नरम होऊ दिली. पिवळी चोच, डोक्यामागची ती पिवळी कातडी, सगळं जसंच्या तसं. तुला तिची पिसं जांभळी दिसायची आणि आईला हिरवी, त्यावरून तुमचं भांडण व्हायचं. दोन्ही रंग होते, चिंगे. खिडकीपाशी वळवून बघितलं.

या वेळी माप आधी घेतलं. दोऱ्याने छातीचा घेर, मानेची लांबी, सगळं पेन्सिलीने कागदावर. मास्तरने चीर देण्याआधी छातीवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. पाखराच्या छातीला मध्ये एक उभं हाड असतं, दोन्ही बाजूंनी मांस भरलेलं असतं, म्हणून ते एरवी हाताला फार लागत नाही. ठमीचं लागत होतं. कात्रीच्या पात्यासारखं. मास्तर मला म्हणाला, "टेलर, हिच्या अंगावर मांस नाही."

मी म्हटलं, म्हातारी झाली होती. म्हातारपणी कुणाच्या अंगावर असतं?

त्याने कात्री उचलली. कातडं उतरवून झालं. आतून टाकणखार चोळलाय, म्हणजे कुजत नाही आणि कीड लागत नाही, आणि वाळू नये म्हणून ओल्या फडक्यात परत बर्फाच्या कप्प्यात ठेवलंय. पुढचं काम मी करणार आहे.

तू वीस तारखेला ये. रिकाम्या हाताने पाठवणार नाही.

बाबा

५ मार्च

चिंगे,

तुझं कार्ड आलं. "ठमी अकरा वर्षांची होती. मैना वीस वर्षंही जगतात. काय झालं ते लिहा. नाहीतर मी येत नाही, आता नाही आणि नंतरही नाही." पोस्टमनने वाचलं असेल, त्याच्या तोंडावर दिसत होतं. वाचू दे.

म्हातारपणाने नाही गेली. मी तिचा पिंजरा झाकला होता.

आईच्या मागे हे घर कसं झालंय ते तुला माहीत नाही. मी सकाळी मशीनवर बसायचो, समोर भिंत. आणि मधल्या खोलीतून ठमी हाक मारायची. "अहो." हुबेहूब. आईचा तो थकलेला हेल, शेवटच्या आठ महिन्यांतला, जेव्हा ती अंथरुणावर होती. पिंजरा तेव्हा तिच्याच दाराशी टांगलेला होता ना, ठमीने त्या आठ महिन्यांत तेच उचललं. "चिंगे, जेवलीस का" मागे पडलं. "अहो, ऐकता का." खोकला. मग "अहो, पाणी द्या." सकाळी, दुपारी, गिऱ्हाईक समोर उभं असताना. एकदा एक बाई माप देता देता म्हणाली, "आत कुणी आजारी आहे का? जा तुम्ही, मी थांबते." मी काय सांगणार होतो तिला?

वर्षभर सोसलं. जानेवारीत कोटाचं काळं अस्तर घेतलं आणि पिंजऱ्यावर टाकलं. अंधारात पाखरं गप्प होतात. ठमी नाही झाली. मग दुहेरी केलं आणि खालून टाके घातले.

फळं ठेवत होतो, पाणी ठेवत होतो. खालचा एक टाका सोडून हात आत घालायचो. अंधारात पाखरू खात नाही हे मला माहीत नव्हतं, असं लिहिणार होतो. मास्तरलाही नंतर तेच सांगितलं. पण चौथ्या दिवशी पेरूची फोड जशी ठेवली तशी सापडली, कडेने काळी पडलेली. पाचव्या दिवशीही. मला कळलं होतं, चिंगे. फोड बदलली आणि टाका पुन्हा घातला. नवव्या दिवशी आवाज थांबला. त्या दिवशी मी एक कोट पुरा केला, एकदाही न उठता. दुसऱ्या दिवशी सकाळी अस्तर उसवलं.

आता कळलं तुला. ठमीच्या आवाजाने मला तुझ्या आईची आठवण यायची, ती सोसवली नाही, म्हणून माझ्या हातून हे पाप झालं. शिव्या द्यायच्या असतील तर समोर येऊन दे.

बाबा

१३ मार्च

चिंगे,

तुझं उत्तर नाही. मी पोस्टमनची वाट बघणं सोडलंय. हे पत्र वीस तारखेच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून आज लिहितोय.

गेल्या शुक्रवारी ठमी भरली. आधी भुशाचं अंग बांधलं. माझ्याजवळ तिच्या मापाचा कागद होता, पण मी तो बघितलाच नाही. मला तुझ्या खांद्यावर बसायची ती ठमी हवी होती, गुबगुबीत. छाती भरून बांधली, वर कापूस चढवला. पायांतून तार घातली, काळे काचेचे डोळे बसवले, सैल टाके घेतले, एकही फाटला नाही. चोच मिटून दोऱ्याने बांधली, कारण वाळताना ती आपोआप उघडते. मास्तरने फिरवून फिरवून बघितली. म्हणाला, "कुणाला कळणार नाही, टेलर."

त्याच्या मनात काही नव्हतं. माझं काम फाटलं नाही, म्हणून तो खूश होता. पण चोराच्या मनात चांदणं. घरी येईपर्यंत तेच एक वाक्य डोक्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मी मूठ झाकायला एक जीव घेतला होता आणि आता तिचं पोटही भरून दाखवत होतो, म्हणजे माझी लेक येऊन म्हणेल, बाबांनी किती छान सांभाळली होती.

गेल्या पत्रात मी अर्धंच लिहिलं. ठमी "अहो, पाणी द्या" म्हणायची हे खरं. पण ती तिथे थांबायची नाही. त्यानंतर ती माझ्या आवाजात बोलायची.

तो दिवस आठव. तू दुपारी चारला आलीस तेव्हा आई गेलेली होती, गडू पलंगाखाली आडवा पडलेला होता, आणि फरशी कोरडी होती. तू तो गडू उचलून मला विचारलंस, "आईने हाक मारली नाही का?" मी म्हटलं, मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही.

ऐकू आलं होतं.

ठमी तेव्हा दिवसातून वीस वेळा "अहो, पाणी द्या" म्हणायची. मी उठायचो, आत जायचो, तर तुझी आई झोपलेली आणि ठमी मान वाकडी करून माझ्याकडे बघतेय. जाग आली की आई हसायची, "फसलात ना?" आधी मीही हसायचो. मग वैताग यायला लागला. त्या दिवशी शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा संध्याकाळी द्यायचा होता. दोनच्या सुमारास हाक आली. "अहो, पाणी द्या." मी पाय थांबवला नाही. पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी बसल्या जागेवरून ओरडलो, "गप गं ठमे!"

मग आवाज आला नाही. मला वाटलं, ऐकलं वाटतं बयेने.

ती ठमी नव्हती, चिंगे. आत गेलो तेव्हा पाहिलं. ठमी पिंजऱ्यात पिसांत चोच खुपसून झोपली होती. गडूकडे हात गेलेला होता तुझ्या आईचा. चाळीस वर्षं संसार केला आणि बायकोचा आवाज मला पाखराच्या आवाजातून वेगळा काढता आला नाही. तिने शेवटचं ऐकलं असेल ते "गप गं". तिला कळलं असेल का की मी ठमीला म्हणतोय? रोज तोच विचार. कळलं असेल, असं स्वतःला सांगतो. नक्की कोण सांगणार?

आई गेल्यावर आठ-दहा दिवसांत ठमीने ते सगळं ओळीने म्हणायला सुरुवात केली. "अहो, पाणी द्या. अहो, पाणी द्या. अहो, पाणी द्या." आणि मग माझा आवाज, तसाच चिडलेला, "गप गं ठमे!" तीन हाका, तेवढ्याच, चुकून चौथी नाही. तेव्हाच तू तिला मागितलीस. तुझ्या घरी नेऊन टांगली असतीस तर दुसऱ्या दिवशी तुला सगळं कळलं असतं. म्हणून मी दिली नाही. आईचा आवाज मला एकट्याला नको होता गं. तो कुणालाच ऐकू जाऊ नये, एवढंच हवं होतं. आठवण सोसवेना वगैरे मी गेल्या पत्रात लिहिलं, ते अस्तरच होतं. मला ती साक्ष बंद करायची होती.

शनिवारी सकाळी टाके उसवले. कातडं अजून ओलं होतं म्हणून जमलं. ते गुबगुबीत अंग काढून टाकलं आणि कागदावरच्या मापाचं बांधलं. हे बारकं झालं, चिंगे. तुझ्या मुठीत मावेल एवढं. शिवल्यावर छातीवर ते हाड बोटाला लागतं, तसंच लागू दिलं. मग चोचीवरचा दोरा कापला. चोच थोडी उघडी ठेवली आणि मध्ये वाळेपर्यंत काडीचा तुकडा घातला. मास्तर आला, बघत राहिला. म्हणाला, "आधीची चांगली होती हो. ही उपाशी दिसते. आणि उघडी चोच बरी नाही दिसत, काहीतरी सांगतेय असं वाटतं."

मी त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. तुझ्याआधी त्याला सांगितलं याचा राग मानू नकोस, मला तोंडाने बोलून बघायचं होतं. जाताना एवढंच म्हणाला, "लेकीला लिहा."

ठमी आता मशीनच्या फळीवर, माझ्या समोर आहे. काडी काल काढली, चोच तशीच राहिली. ती काही म्हणत नाही. तिच्याऐवजी मी लिहिलंय. पिंजरा तू सांगितलास तसा धुऊन ठेवलाय. दोन्ही तुझे आहेत, नकोसे झाले तर तसंही सांग. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. ज्या माणसाची माफी मागायची त्याला मी गप केलं.

वीस तारखेला येणार असशील तर ये. नाही आलीस तर का नाही आलीस हे मला कळेल, पत्र लिहायची तसदी घेऊ नकोस. दाराची घंटा बिघडलीय, दुरुस्त केली नाही. खालून हाक मार. त्या दिवशी मशीन बंद ठेवीन. पहिल्या हाकेला उठेन.

बाबा